गवत उगवलेला ट्रॅक: नॉर्थ विल्क्सबरो आणि नॅस्कारचा प्रेक्षक

29 सप्टेंबर 1996, रविवार. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या नॉर्थ विल्क्सबरो गावाच्या ट्रॅकवर 400 फेऱ्यांची शर्यत संपली. जेफ गॉर्डन पहिला आला, डेल अर्नहार्ट दुसरा. तिकीट काढून आत आलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट आधीपासून ठाऊक होती: अमेरिकेत स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या नॅस्कार या संस्थेच्या सर्वोच्च मालिकेची ही इथली शेवटची शर्यत. ट्रॅक विकला गेला होता. वर्षातून दोनदा इथे शर्यत व्हायची, त्यातली एक तारीख आता टेक्सासला जाणार होती आणि दुसरी न्यू हॅम्पशायरला.

प्रेक्षक आटले म्हणून हा ट्रॅक बंद पडला नाही, तो भरल्या गर्दीत बंद झाला. नॅस्कारची लोकप्रियता का उतरली यावर अमेरिकेत वीस वर्षं वाद चालू आहे. टीव्हीचे आकडे, गाडीची रचना, गुणांची पद्धत, मंदी, निवृत्त झालेले तारे अशी कारणांची यादी वाढतच जाते. मला तो सगळा वाद या एका ट्रॅकच्या अंगाने पाहावासा वाटतो, कारण इथे चाहत्यांच्या ओढीची जणू परीक्षाच झाली. शर्यत काढून नेली, 26 वर्षं ट्रॅकवर गवत वाढू दिलं आणि मग पुन्हा दार उघडलं. आत काय उरलं होतं?

पाऊस किती पडला हे पर्जन्यमापक सांगतो. जमिनीत ओल किती धरली, हे पेरल्यावर कळतं. नॅस्कारने 1990 च्या दशकात पाऊस मोजला आणि त्याच्या भरवशावर सगळं रान बदललं, असं माझं म्हणणं आहे. ते कितपत खरं ठरतं ते पाहू.

हातभट्टीचा मुलूख

मोटर शर्यत म्हटलं की आपल्याकडे फॉर्म्युला वन डोळ्यांपुढे येते. स्टॉक कारचं कुळ वेगळं आहे. 'स्टॉक' म्हणजे दुकानात विकायला ठेवलेली. लोक रोज जी गाडी चालवतात तीच जोरात पळवायची, ही मूळ कल्पना. आजची शर्यतीची गाडी आतून पूर्ण वेगळी असते, पण अंगावर शेव्हरोले, फोर्ड, टोयोटा यांचं रूप अजून टिकवलेलं आहे. ट्रॅक बहुतेक अंडाकृती. ग्रँडस्टँडवर बसलेल्या माणसाला अख्खी शर्यत डोळ्यांसमोर दिसते, सर्किटसारखी गाडी वळणाआड नाहीशी होत नाही.

विल्क्स काउंटी हे या खेळाच्या माहेरांपैकी एक. डोंगराळ भाग, शेती तुटपुंजी, रस्ते वळणावळणाचे. मक्याची हातभट्टी लावणं हा अनेक घरांचा जोडधंदा होता. रात्री माल भरून गाडी शहराकडे न्यायची आणि मागे लागलेल्या कर खात्याच्या माणसांना वळणांवर गुंगारा द्यायचा. त्यासाठी साध्या दिसणाऱ्या गाडीत दमदार इंजिन बसवायचं आणि मालाच्या वजनाने मागची बाजू बसू नये म्हणून स्प्रिंगा कडक करायच्या. ही कारागिरी आणि हे धाडस रविवारी शेतातल्या मातीच्या ट्रॅकवर उतरलं. दक्षिणेतल्या स्टॉक कार शर्यतीची ही एक मोठी मुळी.

एनॉक स्टेली यांनी मे 1947 मध्ये इथला ट्रॅक सुरू केला. लांबी 0.625 मैल, म्हणजे जेमतेम एक किलोमीटर. समोरची सरळ पट्टी उताराची, मागची चढाची. जमीन सपाट करता करता पैसे संपले म्हणून असं राहिलं, अशी हकिगत सांगतात. ती खरी असो वा नसो, ट्रॅकचा स्वभाव मात्र त्या चढउताराने ठरवला. गाडी उतारावर वेग घेऊन पहिल्या वळणात शिरते आणि मागच्या बाजूला चढ चढते. असा दुसरा ट्रॅक नॅस्कारकडे नाही. 1948 मध्ये नॅस्कार स्थापन झालं. 1949 च्या पहिल्या हंगामात आठ शर्यती झाल्या आणि आठवी, शेवटची, इथेच झाली. बॉब फ्लॉक जिंकला.

याच काउंटीतला ज्युनियर जॉन्सन. खेचरामागे नांगर धरून शेतात चालत असताना भावाने येऊन 'आज माझी गाडी चालवतोस का' असं विचारलं आणि तो या ट्रॅकवर उतरला, ही आठवण तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. 1956 मध्ये वडिलांच्या भट्टीवर तो पकडला गेला आणि अकरा महिने तुरुंगात राहिला. 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. मधल्या काळात त्याने 50 शर्यती जिंकल्या आणि संघमालक म्हणून सहा अजिंक्यपदं मिळवली. विल्क्स काउंटीत त्याला कोणी गुन्हेगार मानलं नाही. तो त्यांच्यातला होता. ट्रॅकवर पळणाऱ्याशी प्रेक्षकाचं नातं काय होतं, ते या एका माणसावरून कळतं. लोक आपल्या घरचा मुलगा बघायला यायचे.

पैसा आला तो याच वाटेने

1 जानेवारी 1971 नंतर अमेरिकेत सिगारेटच्या जाहिराती रेडिओ-टीव्हीवरून हद्दपार झाल्या होत्या आणि तंबाखू कंपन्यांच्या हाती खर्च करायला रक्कम पडून होती. ज्युनियर जॉन्सन आपल्या एका गाडीसाठी पैसे मागायला आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीकडे गेला. कंपनीचं मुख्यालय विन्स्टन-सेलममध्ये, नॉर्थ विल्क्सबरोपासून तासाभराच्या अंतरावर. एका गाडीसाठी ही रक्कम फारच मोठी होती, म्हणून अख्खी मालिकाच प्रायोजित झाली. 1971 ते 2003 या काळात तिचं नाव कंपनीच्या विन्स्टन सिगारेटवरून विन्स्टन कप होतं. ट्रॅकच्या भिंतींवर लाल-पांढरा रंग चढला.

1972 पासून वेळापत्रक आवळलं. वर्षाला 48 शर्यती होत्या, त्या 31 वर आल्या आणि 250 मैलांहून छोट्या शर्यती गळाल्या. नॉर्थ विल्क्सबरोच्या 400 फेऱ्या म्हणजे बरोबर 250 मैल. ट्रॅक काठावर वाचला.

मग 18 फेब्रुवारी 1979. सीबीएस वाहिनीने डेटोना 500 पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट दाखवली. त्या दिवशी अमेरिकेच्या पूर्व भागात प्रचंड बर्फ पडत होता, लोक घरात अडकले होते. शेवटच्या फेरीत पहिल्या दोन क्रमांकांवर असलेले डॉनी ॲलिसन आणि केल यारबरो एकमेकांवर आदळले, रिचर्ड पेटी मागून येऊन जिंकला आणि इकडे गवतावर गुद्दागुद्दी जुंपली. दक्षिणेबाहेरच्या लाखो लोकांनी हा खेळ त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

इथून खेळाचा प्रेक्षक दोन जातींचा झाला. एक ट्रॅकवर येणारा, दुसरा टीव्हीवर बघणारा. पहिल्याची संख्या ग्रँडस्टँडच्या आकाराने बांधलेली, दुसऱ्याला मर्यादाच नाही. कंपन्यांना दुसरा हवा होता, आणि त्यात त्यांची चूक होती असं मी म्हणणार नाही. पण सगळे निर्णय दुसऱ्याकडे बघून होऊ लागले.

तारीख विकत घेता येते

स्टेलींचा धंदा जुन्या पद्धतीचा होता. तिकिटं आणि खाणंपिणं परवडेल अशा दरात ठेवायचं, झगमगाटावर खर्च करायचा नाही. बक्षिसाची रक्कम इतर ट्रॅकच्या मानाने कमी. शार्लट आणि अटलांटाकडे उंच इमारती, काचेच्या कंपनी-खोल्या उभ्या राहत असताना इथे लाकडी फळ्यांचे बाक होते. 1995 मध्ये एनॉक स्टेली वारले.

नॅस्कारमध्ये ट्रॅकपेक्षा मोलाची वस्तू म्हणजे वेळापत्रकातली तारीख. नवा ट्रॅक बांधायला पैसे पुरतात, पण तारीख नॅस्कारकडून, म्हणजे तिची मालकी असलेल्या फ्रान्स आडनावाच्या कुटुंबाकडून मिळावी लागते आणि ती सहज मिळत नाही. ब्रूटन स्मिथ टेक्सासमध्ये फोर्ट वर्थजवळ दीड मैलाचा, दीड लाखांहून अधिक आसनांचा ट्रॅक बांधत होते. न्यू हॅम्पशायरच्या ट्रॅकचे मालक बॉब बेअर यांना दुसरी तारीख हवी होती. स्मिथ यांनी स्टेलींच्या भागीदाराच्या घराण्याचा अर्धा वाटा घेतला, बेअर यांनी स्टेली कुटुंबाचा अर्धा. दोघांनी एकेक तारीख उचलली. निम्मा-निम्मा मालक असलेल्या ट्रॅकला कुलूप लागलं.

व्यवहार म्हणून यात काही गैर नव्हतं. ज्या गावात हॉटेलच्या खोल्या मोजक्या, विमानतळ दूर आणि आजूबाजूला मोठं शहर नाही, तिथल्या 250 मैलांच्या शर्यतीपेक्षा डॅलस-फोर्ट वर्थसारख्या बाजारात दीड लाख तिकिटं विकणं कोणत्याही हिशेबनीसाला पटेल. आजही एखाद्या व्यवस्थापन वर्गात हे प्रकरण 1996 च्या आकड्यांनिशी मांडलं तर बहुतेक जण स्मिथ यांच्या बाजूने हात वर करतील. हिशेबात धरलेलं गृहीतक मात्र तपासलं गेलं नाही: विल्क्सबरोतला प्रेक्षक गेला तरी त्याच्या जागी टेक्सासमध्ये चार प्रेक्षक मिळतील आणि ते चारही तसेच टिकतील.

गावावर काय बेतलं तेही सांगायला हवं. लोज ही आज अमेरिकाभर पसरलेली घरबांधणी सामानाची दुकानसाखळी 1921 मध्ये नॉर्थ विल्क्सबरोतल्याच एका हार्डवेअर दुकानातून सुरू झाली. 2000 नंतरच्या दशकात तिचं मुख्यालय शार्लटजवळच्या मूर्सव्हिलला गेलं, जिथे नॅस्कारचे अनेक संघ राहतात. याच लोजचं नाव छातीवर घेऊन जिमी जॉन्सनने सात अजिंक्यपदं जिंकली. गावाने कंपनी दिली, शर्यत दिली, दोन्ही गेल्या. हॉली फार्म्स हा इथला कोंबड्यांचा मोठा धंदा 1989 मध्येच टायसन या कंपनीने घेतला होता, म्हणून तर शेवटच्या शर्यतीच्या नावात टायसन होतं. फर्निचर आणि कापडाचे कारखानेही त्या भागात एकामागून एक बंद पडले. ज्या कष्टकरी माणसाने हा खेळ वाढवला त्याचा खिसाच फाटत होता.

चढ आणि उतार

पुढची दहा वर्षं हिशेब बरोबर निघाला. कॅलिफोर्निया, लास व्हेगास, कॅन्सस, शिकागो, मायामीजवळचं होमस्टेड, सगळीकडे नवे मोठे ट्रॅक. 2001 पासून फॉक्स, एनबीसी आणि टर्नर यांच्याशी 2.4 अब्ज डॉलरचा करार लागू झाला. त्याच वर्षी डेटोनाच्या शेवटच्या वळणावर डेल अर्नहार्टचा मृत्यू झाला. जुन्या चाहत्यांसाठी ती घरातली घटना होती, आणि त्या दु:खानेही लोक खेळाला आणखी चिकटले. 2006 च्या डेटोना 500 ला टीव्हीवर सरासरी 1 कोटी 94 लाख प्रेक्षक होते. यावर कोणी बोट ठेवणार कसं?

मग 2007-08. पेट्रोल महागलं, मंदी आली. नॅस्कारचा चाहता मोटारघर किंवा पिकअप घेऊन शेकडो मैल येणारा, दोन-तीन दिवस मुक्काम करणारा. त्याला पहिला फटका बसला. टेनेसीतल्या ब्रिस्टल ट्रॅकवर 1982 पासून ओळीने 55 शर्यतींची सगळी तिकिटं विकली गेली होती, लोक तिकिटाचे हक्क वारसाने देत. ती साखळी 2010 मध्ये तुटली. 2013 पासून नॅस्कारने हजेरीचे अंदाज प्रसिद्ध करणंच थांबवलं. अनेक ट्रॅकनी ग्रँडस्टँडचे भागच्या भाग पाडले.

मंदी हे अर्धंच उत्तर आहे, कारण ती ओसरल्यावरही प्रेक्षक परतला नाही. 2025 च्या डेटोना 500 चा सरासरी प्रेक्षक 67 लाखांच्या घरात होता. टीव्ही बघण्याची सवयच बदलली हे खरं, आणि ही घसरण सगळ्या वाहिन्यांवर दिसते. पण नॅस्कारने स्वतःच्या हाताने जे केलं तेही बघू.

2003 मध्ये मॅट केन्सेथने फक्त एक शर्यत जिंकून वर्षभराच्या सातत्यावर अजिंक्यपद मिळवलं. हे कंटाळवाणं वाटलं म्हणून 2004 पासून शेवटच्या दहा शर्यतींवर अजिंक्यपद ठरवणारा 'चेस' आला. 2014 मध्ये त्यात बाद फेऱ्या घातल्या आणि शेवटच्या एका शर्यतीवर सगळं ठरू लागलं. 36 शर्यतींचा हंगाम, आणि निकाल एका दुपारचा. फुटबॉलच्या अंतिम सामन्यासारखा थरार टीव्हीला हवा होता. वर्षभर मुलाला घेऊन ट्रॅकवर जाणाऱ्या माणसाला मात्र आपण पाहिलेल्या शर्यती मोजल्याच जात नाहीत असं वाटू लागलं. हा राग 2024 च्या हंगामानंतर इतका वाढला की नॅस्कारने 2026 साठी बाद फेऱ्या रद्द करून दहा शर्यतींच्या चेसकडे परत जायचं ठरवलं. बावीस वर्षं फिरून वाट पहिल्या फाट्यावर आली.

तारखांचंही तसंच. साउथ कॅरोलायनातल्या डार्लिंग्टनची सप्टेंबरच्या कामगार सुट्टीतली शर्यत ही दक्षिणेतल्या घराघरांची परंपरा होती. 2004 मध्ये ती सुट्टी कॅलिफोर्नियाला दिली. तिथल्या खुर्च्या भरल्या नाहीत. 2015 मध्ये ती डार्लिंग्टनला परत आली. रॉकिंगहॅमची शर्यत 2004 नंतर बंद झाली. शिकागोजवळचा आणि केंटकीचा ट्रॅक 2020 नंतर वेळापत्रकातून गेले. कॅलिफोर्नियातला ट्रॅक 2023 च्या शर्यतीनंतर पाडायला घेतला. मधल्या 2015 ते 2017 या तीन वर्षांत जेफ गॉर्डन, टोनी स्टुअर्ट आणि डेल अर्नहार्ट ज्युनियर निवृत्त झाले. ज्युनियर तर सलग पंधरा वर्षं चाहत्यांच्या मतांनी सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर ठरला होता. तो गेला तेव्हा पुष्कळांनी टीव्ही बंद केला.

नव्या बाजारातला प्रेक्षक खोटा नव्हता. त्याला इतर करमणुकीही होत्या, इतकंच. शेजारी बेसबॉल, बास्केटबॉल, समुद्रकिनारा. एखादं वर्ष त्याने शर्यत चुकवली तर त्याच्या घरात काही बिघडत नव्हतं. विल्क्स काउंटीत मात्र शर्यतीचा रविवार हा सण होता.

गवत

इकडे ट्रॅक पडून होता. 2010-11 मध्ये भाडेपट्ट्यावर काही लहान शर्यती झाल्या, पुन्हा कुलूप. बेअर यांचा वाटाही स्मिथ यांच्या कंपनीकडे आला होता. रंग उडाला, छपरं गळाली, डांबराच्या भेगांतून झुडपं वर आली. महामार्ग 421 वरून जाणाऱ्याला विन्स्टन कपचा विटका फलक दिसायचा. स्थानिक लोक ट्रॅक वाचवण्यासाठी अर्जविनंत्या करत राहिले, वर्षानुवर्षं, काही हाती न लागता. या टप्प्यावर मी जास्त रेंगाळत नाही, कारण सांगण्यासारखी घटनाच नाही. पण 1996 मध्ये वीस वर्षांचा असलेला माणूस या काळात पंचेचाळिशीला आला, आणि त्याच्या मुलांनी इथे एकही शर्यत पाहिली नाही, एवढं लक्षात ठेवावं.

डिसेंबर 2019 मध्ये डेल अर्नहार्ट ज्युनियर काही लोकांना घेऊन आला आणि ट्रॅकवरचं तण काढलं. उद्देश अगदी मर्यादित होता. आयरेसिंग या संगणकावरच्या शर्यतखेळासाठी ट्रॅकचं लेझरने मोजमाप करून ठेवायचं, म्हणजे पुढे इथे काही उरलं नाही तरी त्याची हुबेहूब नोंद राहील. जणू मरणासन्न माणसाचा फोटो काढून ठेवावा. त्याच महिन्यात ज्युनियर जॉन्सन वारला.

तीन महिन्यांत करोना आला, हंगाम थांबला, आणि नॅस्कारने ड्रायव्हरांना घरबसल्या आयरेसिंगवर पळवून टीव्हीवर दाखवायला सुरुवात केली. 9 मे 2020 ला त्या मालिकेचा शेवट नॉर्थ विल्क्सबरोच्या आभासी ट्रॅकवर झाला. डेनी हॅमलिन जिंकला. ज्या टीव्हीसाठी हा ट्रॅक सोडला होता, त्याच टीव्हीवर तो 24 वर्षांनी परत दिसला, आणि दिसला तो गवत काढून केलेल्या मोजमापामुळे. तरुण पोरांनी संगणकावर त्या चढउतारावर गाडी चालवली. ज्यांनी हा ट्रॅक कधी पाहिला नव्हता त्यांना तो हातांना ओळखीचा झाला.

नोव्हेंबर 2021 मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात केंद्राच्या करोना मदतनिधीतून 1 कोटी 80 लाख डॉलर या ट्रॅकसाठी ठेवले गेले. हा सार्वजनिक पैसा एका खासगी कंपनीच्या मालमत्तेवर खर्च व्हावा का, हा प्रश्न रास्त आहे आणि नुसत्या भावनेने तो मिटत नाही. पाणी, मलवाहिनी, वीज यांसारखी कामं त्यात होती. माझ्या मते काउंटीच्या पदरात त्यातून काय पडतं हे पुढच्या दहा वर्षांत काटेकोर मोजलं जायला हवं.

दार उघडल्यावर

ऑगस्ट 2022. जुनंच, 1980 च्या दशकातलं भेगाळलेलं डांबर, वर डागडुजी. 31 ऑगस्टला, म्हणजे बुधवारी, कामाच्या दिवशी, लेट मॉडेल नावाच्या प्रादेशिक वर्गाची शर्यत होती. नॅस्कारची सर्वोच्च मालिका नव्हेच. डेल अर्नहार्ट ज्युनियर स्वतः उतरला आणि तिसरा आला, कार्सन क्वापिल जिंकला. सगळी तिकिटं विकली गेली होती. आठवडाभरातच नॅस्कारने जाहीर केलं की 2023 ची ऑल-स्टार ही मानाची शर्यत इथे होईल. त्याआधीची दोन वर्षं ती कुठे होत होती? टेक्सासला. 1997 मध्ये विल्क्सबरोची तारीख घेऊन ज्या ट्रॅकने सुरुवात केली, तिथूनच शर्यत उठून परत आली. न्यू हॅम्पशायरचीही दुसरी तारीख 2018 मध्ये लास व्हेगासला गेली होती. ट्रॅक उघडण्याआधी दोन महिने, जून 2022 मध्ये, ब्रूटन स्मिथ वारले. परत आणण्याचा निर्णय त्यांचे पुत्र मार्कस स्मिथ यांनी घेतला.

या पुनरुज्जीवनात जे जपलं गेलं ते मला फार मोलाचं वाटतं. विन्स्टन कपचा विटका रंग तसाच ठेवला. विजेत्याची गाडी छपरावर उचलून नेणारं जुनं उचलयंत्र पुन्हा चालू केलं. नवे दिवे, नवी कुंपणं आली, पण डोळ्यांना 1996 दिसावं अशी काळजी घेतली. जानेवारी 2024 मध्ये ग्रँडस्टँडखाली एक पोकळी सापडली, भिंतीसकट. तिथे कधीकाळी भट्टी लागत असावी असा कयास आहे. विल्क्स काउंटीत अशा बातमीने कोणाला आश्चर्य वाटलं नसेल.

21 मे 2023 ची शर्यत काइल लार्सनने जिंकली. आणि ती, खरं सांगायचं तर, रटाळ झाली. शिक्षेमुळे मागे पडलेला लार्सन पुढे आला आणि मग कोणी त्याला गाठूच शकलं नाही. 2022 पासूनची नवी गाडी छोट्या ट्रॅकवर एकमेकींना ओलांडू देत नाही, ही तक्रार इथेही खरी ठरली. 2024 मध्ये नवं डांबर टाकलं, जोई लोगानो जिंकला, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते शर्यतीनंतरचं काइल बुश आणि रिकी स्टेनहाउस यांचं भांडण. 2025 ची मात्र चांगली रंगली, क्रिस्टोफर बेलने लोगानोला शेवटच्या टप्प्यात मागे टाकलं.

म्हणून माझ्याच म्हणण्याला एक मर्यादा घालतो. ट्रॅक परत आणल्याने खेळ आपोआप सुधारत नाही. आठवणीवर लोक एकदा येतात, दोनदा येतात, तिसऱ्यांदा त्यांना शर्यत लागते. नॅस्कारचा देशभरचा टीव्ही प्रेक्षकही विल्क्सबरोमुळे वाढलेला नाही.

दुसरी मर्यादा जास्त बोचणारी आहे. मी ज्याला ओल म्हणतो ती सगळ्यांसाठी नव्हती. वेंडेल स्कॉट हा कृष्णवर्णीय ड्रायव्हर 1 डिसेंबर 1963 ला जॅक्सनव्हिलची शर्यत जिंकला, पण त्या दिवशी झेंडा आणि करंडक दुसऱ्याच्याच हाती गेले. चूक नंतर मान्य झाली. मानाचा करंडक त्याच्या कुटुंबाला मिळायला 2021 उजाडलं, तेव्हा तो जाऊन तीस वर्षं झाली होती. दक्षिणेच्या यादवी युद्धातला कॉन्फेडरेट झेंडा, गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्यांचा, ट्रॅकवर सर्रास फडकत होता. जून 2020 मध्ये बबा वॉलेस या कृष्णवर्णीय ड्रायव्हरने आवाज उठवल्यावर नॅस्कारने त्यावर बंदी घातली. काही जुने चाहते रागावून गेले. ते गेले याचं मला दु:ख नाही. मुळं खोल असलेल्या प्रेक्षकाची किंमत सांगताना, त्या मुळांनी कोणाला वर्षानुवर्षं बाहेर ठेवलं हेही त्याच दमात सांगायला हवं. 2022 नंतर उघडलेलं दार 1996 च्या दारापेक्षा रुंद आहे का, यावर विल्क्सबरोचं खरं यश मोजावं लागेल.

हे सगळं मान्य करूनही ऑगस्ट 2022 चा तो बुधवार माझ्या मनातून जात नाही. 26 वर्षं काही पेरलं नव्हतं, पाणी घातलं नव्हतं, आणि तरी उगवलं. कॅलिफोर्नियातल्या ट्रॅकसाठी, केंटकीच्या ट्रॅकसाठी 26 वर्षांनी कोणी तण काढायला येईल का? मला नाही वाटत. त्यांच्या उभारणीवर विल्क्सबरोच्या कितीतरी पट पैसा गेला होता. नॅस्कारलाही आता हे उमजू लागलेलं दिसतं. फेब्रुवारी 2025 मध्ये हंगामाची नांदी विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे या पाव मैलाच्या जुन्या ट्रॅकवर झाली, एप्रिलमध्ये रॉकिंगहॅमला दुय्यम मालिकांच्या शर्यती परतल्या. त्याच वेळी शिकागोच्या रस्त्यांवर आणि मेक्सिको सिटीतही शर्यती झाल्या. नवा पाऊस शोधायला माझी हरकत नाही, शोधलाच पाहिजे. शिकागोला 2023 मध्ये न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिसबर्गेन पहिल्याच प्रयत्नात जिंकला तेव्हा ज्यांनी आयुष्यात स्टॉक कार पाहिली नव्हती असे लोक पावसात भिजत कडेला उभे होते. त्यातले किती जण दहा वर्षांनीही येतील हे आज कोणालाच मोजता येणार नाही.

ऑल-स्टार शर्यतीला गुण नसतात. ती मानाची, बक्षिसाची शर्यत, पण अजिंक्यपदाच्या हिशेबात धरली जात नाही. म्हणून 2023 ते 2025 या तीन वर्षांत नॉर्थ विल्क्सबरो परत आलं तरी पाहुणं म्हणूनच आलं होतं. 2026 च्या वेळापत्रकात ऑल-स्टार शर्यत डोव्हरला गेली आणि नॉर्थ विल्क्सबरोच्या नावापुढे 19 जुलै ही तारीख लागली. गुणांची शर्यत, 29 सप्टेंबर 1996 नंतरची पहिली. त्या शेवटच्या दिवसापर्यंत इथे सर्वोच्च मालिकेच्या 93 शर्यती झाल्या होत्या. आता चौऱ्याण्णवावी.